वर्गाचा पहिला अर्धा तास: प्राथमिक शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकांसाठी

नवे शिक्षक प्राथमिक वर्गावर येतात तेव्हा पाठाची तयारी पक्की असते. बेरीज कशी समजावायची, कविता कशी म्हणून घ्यायची, हे सगळं शिकून आलेलं असतं. पण घंटा होते आणि तीस-पस्तीस मुलं एकदम दारातून आत शिरतात. दोघांची दप्तरं एकमेकांत अडकतात, एकाला तेवढ्यात शू लागते, एकजण रडतोय, एकजण ‘बाई, यानं मला ढकललं’ म्हणून हात ओढतोय आणि दारात एक पालक ‘दोनच मिनिटं बोलायचं होतं’ म्हणून उभे आहेत. या गर्दीचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नीट सांगितलेलं नसतं.

मी बरीच वर्षं लहान वर्गांना शिकवते आहे. सुरुवातीला वर्ग हाताबाहेर गेला की मला वाटायचं, आपण पुरेशा कडक नाही. मग हळूहळू लक्षात आलं की डबा खाण्याच्या सुट्टीआधी झालेल्या भांडणाचं मूळ बहुतेकदा सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात असतं. आल्याबरोबर ज्या मुलाकडे कोणी पाहिलं नाही, ज्याला आता काय करायचं हे कळलं नाही, ते मूल दिवसभर या ना त्या मार्गानं ‘माझ्याकडे बघा’ असं सांगत राहतं. म्हणून सकाळ, शाळेचं फाटक आणि शिस्त हे तीन विषय मी वेगळे काढत नाही. तिन्हीत काम एकच: प्रत्येक मूल या क्षणी कुठे आहे, कोणाबरोबर आहे आणि कसं आहे हे एका जबाबदार मोठ्या माणसाला ठाऊक असणं.

मुलं येण्याआधी

घंटेच्या किमान वीस मिनिटं आधी वर्गात या. धावत आलेल्या शिक्षकाचा वर्गही दिवसभर धावतच राहतो.

आधी खोलीतून एक फेरी मारा. जमीन ओली आहे का, कुठे खिळा वर आलाय का, खिडकीची काच तडकली आहे का. मग फळ्यावर तारीख आणि आजच्या दिवसाचा क्रम लिहा. अजून वाचता न येणारी मुलं असतील तर क्रम चित्रांत काढा: पुस्तक, चेंडू, डबा, रंगपेटी, घर. क्रमात काही बदल असेल, खेळाचा तास रद्द झाला असेल, तर तो सकाळीच दाखवा. मोठ्यांना किरकोळ वाटणारा असा बदल काही मुलांचा अख्खा दिवस बिघडवतो, कारण ती त्या चेंडूच्या चित्राकडे बघत तीन तास काढणार असतात.

एकदा गुडघ्यांवर बसून वर्ग बघा. तुम्ही मोठ्या हौसेनं लावलेला तक्ता सहा वर्षांच्या मुलाला दिसतो तरी का? दप्तराची खुंटी त्याच्या हाताला लागते का? खुंटी उंच असली की दप्तरं जमिनीवर पडतात, त्यांत पाय अडकतात आणि भांडण सुरू होतं. हे भांडण खुंटी खाली आणून मिटतं, ओरडून मिटत नाही.

शेवटची तयारी म्हणजे बाकावरचं पहिलं काम. प्रत्येकाला न विचारता सुरू करता येईल असं, पाच ते आठ मिनिटांचं. कालच्या कवितेतल्या एका ओळीचं चित्र, चार सोपी उदाहरणं, एखाद्या वस्तूचं नाव पूर्ण करणं. नवीन काही देऊ नका. ते हमखास जमणारं असावं, कारण दिवसाची सुरुवात ‘मला येत नाही’ने झाली तर पुढचा तासभर ते ओझं तुम्हालाच ओढावं लागतं.

दारात उभं राहा

या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा. मुलं येताना टेबलामागे बसू नका. दारात असे उभे राहा की एक डोळा वर्गात आणि एक बाहेरच्या वाटेवर राहील. येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारा, डोळ्यांत बघा आणि एखादं वाक्य बोला. ‘काल तुझा दात हलत होता ना, पडला का?’ एवढं पुरतं. एका मुलामागे चार-पाच सेकंद. पस्तीस मुलांचे तीन मिनिटंही होत नाहीत.

नाव उच्चारायला अवघड असेल तर पहिल्याच दिवशी त्या मुलाकडूनच नीट शिकून घ्या. लाडानं किंवा सोयीनं परस्पर छोटं करू नका.

या तीन मिनिटांत तुम्ही तपासणीही करत असता, फक्त ती तपासणी वाटता कामा नये. चाल कशी आहे? डोळे लाल आहेत का? दप्तर छातीशी घट्ट धरलंय का? अंगावर नवी खूण, जखम? रोज बडबडणारं मूल आज गप्प आहे का?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. रोज दारात येताच एवढ्या जोरात ‘आले!’ म्हणायची की शेजारच्या वर्गातल्या बाई हसायच्या. एका सकाळी ती दाराच्या चौकटीला बोट घासत, माझ्याकडे न बघता आत गेली. मी तिला थांबवलं नाही, फक्त मनात नोंद केली. पहिल्या कामाला तिनं हात लावला नाही, गणिताची वही उघडली नाही. मी दारात नसते तर ‘ऐकत नाही’ असा शेरा तिच्या नावावर नक्की पडला असता. मुलं कामाला लागल्यावर तिच्या बाकाशी बसले तेव्हा कळलं की धाकट्या भावाला रात्री दवाखान्यात नेलं होतं आणि ती पहाटेपर्यंत जागीच होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. तिला तीन तासही मिळाली नव्हती. मी तिला वाचनाच्या कोपऱ्यात चटईवर पडायला सांगितलं. चाळीस मिनिटं झोपली आणि उठून स्वतःच वही घेऊन आली.

पहिली दहा मिनिटं शिकवावी लागतात

‘दप्तर नीट ठेवा’ या वाक्यातला ‘नीट’ पहिलीतल्या मुलाला कळत नाही. तुम्ही बेरीज शिकवता तसंच हेही शिकवायला हवं. आधी तुम्ही गप्प राहून करून दाखवा: दप्तर उघडलं, पाण्याची बाटली काढून बाकाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली, डायरी टोपलीत टाकली, चेन लावली, खुंटीला अडकवलं, जागेवर बसून पेन्सिल घेतली. मग मुलांना विचारा, मी काय काय केलं? एका मुलाला करून दाखवायला सांगा. मग एकेका रांगेनं सगळ्यांना. चुकलं तर रागावू नका, ‘परत एकदा करून बघू’ म्हणा आणि खरोखर परत करून घ्या. पहिले दोन आठवडे रोज यात वेळ जाईल. अभ्यासक्रम मागे पडतोय असं वाटून जीव खालीवर होईल. जाऊ दे तो वेळ. पुढचे आठ-नऊ महिने तो रोज परत मिळतो. मोठ्या सुट्टीनंतर मात्र दोन दिवस पुन्हा सराव घ्यावा लागतो.

पाणी पिणं, शौचालयाला जाणं, पेन्सिलीचं टोक मोडणं, रांग लावणं, या चार गोष्टींची पद्धतही अशीच ठरवून टाका. टोक मोडलं की पाच मुलं टोकयंत्राभोवती जमतात आणि तिथे हाणामारी होते. एका डब्यात टोक केलेल्या दहा पेन्सिली ठेवा. मोडकी टाकायची, चांगली घ्यायची आणि जागेवर यायचं. भांडणाला कारणच उरत नाही.

हजेरी मुलं पहिलं काम करत असताना घ्या, पण अंदाजानं खुणा करू नका. नाव घ्या, मूल बघा, मग खूण करा. जो आला नाही आणि ज्याच्या घरून निरोपही नाही, त्याचं नाव लगेच कार्यालयात पोहोचलं पाहिजे आणि तिथून घरी फोन गेला पाहिजे. घरून निघालेलं मूल शाळेत पोहोचलंच नाही, हे दुपारी कळणं फार उशिराचं असतं.

उशिरा आलेल्या मुलाला दारात थांबवून जाब विचारू नका. सात वर्षांचं मूल स्वतःच्या मर्जीनं उशिरा येत नाही, त्याला कोणीतरी उशिरा आणतं. ‘बरं झालं आलास, आम्ही उदाहरणं सोडवतोय, ये’ म्हणून आत घ्या. कार्यालयातून आलेली उशिराची चिठ्ठी गाजावाजा न करता ठेवून घ्या आणि आठवड्यात तीनदा असं झालं तर घरच्यांशी बोला.

परिपाठ आणि मधले सांधे

सकाळी सगळ्यांनी गोल बसून दहा-पंधरा मिनिटं एकत्र घालवावीत असं माझं ठाम मत आहे. एकमेकांना नावानं हाक मारायची, दोघा-तिघांनी आपली एखादी बातमी सांगायची, बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा आणि मग दिवसाचा क्रम बघायचा. सगळ्यांनी रोज बोलायचा आग्रह नको. वार वाटून द्या. शेवटच्या मुलापर्यंत पाळी जाईस्तोवर पहिली दहा मुलं जमिनीवर लोळायला लागलेली असतात.

इथे नवे शिक्षक हमखास एक चूक करतात. प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाटच बघत नाहीत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तशी मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मनात एक-दोन-तीन म्हणा. पहिल्या दिवशी ती शांतता खायला उठते, नंतर सवय होते.

एक काम संपून दुसरं सुरू होतं तो सांधा सगळ्यात नाजूक. जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञानं वर्गांची चित्रमुद्रणं अभ्यासून 1970 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याला शोधायचं होतं की मुलांनी गैरवर्तन केल्यावर चांगले शिक्षक काय वेगळं करतात. त्याला दिसलं ते असं की गैरवर्तनानंतरच्या वागण्यात शिक्षकाशिक्षकांत फारसा फरक नव्हता. फरक होता आधी. चांगल्या शिक्षकांना वर्गात कुठे काय चाललंय याचं सतत भान असायचं, मुलांनाही ते जाणवायचं आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना वर्ग रेंगाळायचा नाही.

सांध्यासाठी एक खूण ठरवा. वर केलेला हात, छोटी घंटा किंवा टाळ्यांचा ठेका, काहीही चालेल, पण वर्षभर तीच. खूण केल्यावर संपूर्ण शांतता झाल्याशिवाय एक शब्दही बोलू नका. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली की मुलं एवढंच शिकतात की गोंगाटातही सूचना मिळते. सूचना एका वेळी दोनच द्या. ‘वह्या मिटा, पेन्सिली डब्यात.’ थांबा, बघा, मग पुढची.

फाटक: कोण आत येतं, कोण मुलाला नेतं

पाहुण्यांचे नियम म्हणजे कार्यालयाचं काम, आपला काय संबंध, असं मलाही वाटायचं. आधी शाळेची पद्धत समजून घ्या, शाळेगणिक तपशील थोडे बदलतात. पण पाया सगळीकडे हाच असायला हवा.

शाळा सुरू असताना येण्याजाण्याला एकच दार उघडं असतं. येणारा प्रत्येकजण, मग तो पालक असो, दुरुस्तीला आलेला माणूस असो की शाळेचा जुना विद्यार्थी, आधी कार्यालयात जातो. ओळखपत्र दाखवतो, नोंदवहीत नाव, काम, कोणाला भेटायचं आणि आल्याची वेळ लिहितो. त्याला पाहुण्याचा बिल्ला मिळतो. तो समोरून दिसेल असा लावायचा. वर्गापर्यंत शाळेतलं कोणीतरी सोबत येतं. जाताना बिल्ला परत, निघाल्याची वेळ नोंदवहीत. निघाल्याची वेळ लिहायला लोक विसरतात, पण आग लागली किंवा इमारत रिकामी करायची वेळ आली तर आत अजून कोण आहे हे त्याच वहीवरून कळतं.

याशिवाय तीन गोष्टी वर्गशिक्षकानं डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. पाहुणा मुलांबरोबर कधीही एकटा राहणार नाही, अगदी गोष्ट सांगायला आलेली प्रेमळ आजीसुद्धा. मुलांच्या शौचालयात पाहुणे जाणार नाहीत. आणि वर्गात मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. स्वतःच्या मुलाचा काढायचा म्हटलं तरी मागे बाकीची वीस मुलं येतात आणि त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नसतं.

बिल्ला नसलेलं कोणी व्हरांड्यात दिसलं तर तोंड फिरवून पुढे जाऊ नका. ‘नमस्कार, कोणाला भेटायचंय? चला, कार्यालय दाखवते,’ एवढं म्हणा आणि सोबत चाला. मुलांना एकटं सोडता येत नसेल तर शेजारच्या वर्गाला सांगा, कार्यालयाला निरोप द्या. माणूस वाकड्यात शिरला तर वाद घालू नका, मुलांना आत घ्या, दार लावा आणि मदत बोलवा.

पालक रागावतात. माझ्याशी एक आजोबा चांगलेच बोलले होते.

‘रोज येतो मी इथे. तुम्ही ओळखता ना मला?’

‘ओळखते ना आजोबा. तुमच्यासाठी नाहीच हा नियम. पण उद्या मी रजेवर असेन आणि माझ्या जागी आलेली मुलगी तुम्हाला ओळखत नसेल. ती तुमच्या नातीला कोणाच्या हातात देईल, हे या वहीवर ठरतं.’

त्यांनी सही केली. नंतर दुसऱ्या पालकांना तेच समजावताना मी त्यांना पाहिलं. नियमामागचं कारण सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. ‘वरून आदेश आहे’ म्हटलं की भांडतात.

आता नेण्याबद्दल. मुलाला कोण नेऊ शकतं याची लेखी यादी प्रत्येक मुलामागे हवी, नाव, नातं आणि फोन क्रमांकासह. यादीत नाव नसेल तर मूल जाणार नाही. यादीतल्या पालकानं आधीच नोंदवलेल्या क्रमांकावरून कळवलं आणि कार्यालयानं खात्री करून घेतली, तरच अपवाद. मूल त्या माणसाला ओळखतं ही परवानगी होत नाही.

हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुपारी एक गृहस्थ आले. वर्गातला मुलगा ‘काका!’ करत धावला, त्यांच्या गळ्यात पडला. मी हसून दप्तर हातात दिलं. अर्ध्या तासानं त्याची आई आली. घरात मोठा वाद सुरू होता आणि त्या काकांनी मुलाला न्यायचं नाही असं तिनं कार्यालयाला कळवून ठेवलं होतं. ते कागद मी वाचलेच नव्हते. मुलगा तासाभरात सुखरूप सापडला, आजीकडे होता. पण त्या तासात ती आई कार्यालयातल्या खुर्चीच्या कडेवर बसून हातातली त्याची पाण्याची बाटली सारखी उघडत होती आणि लावत होती. ती बाटली घाईत वर्गातच राहिली होती. तेव्हापासून वर्षाच्या पहिल्या दिवशी मी कार्यालयात बसून माझ्या प्रत्येक मुलाची यादी आणि असेल तर न्यायालयाचा आदेश वाचते. तुम्हीही वाचा.

सकाळी दारात बोलायला येणाऱ्या पालकांना मात्र तोडू नका. ‘हे महत्त्वाचं आहे, मला नीट ऐकायचंय. आज शाळा सुटल्यावर बसूया का?’ असं म्हणून वेळ द्या. आणि वर्षाच्या पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक घरी एक चांगली बातमी कळवा, ‘आज त्यानं पडलेल्या मुलीला उठवलं’ एवढी छोटी चालेल. पहिलाच फोन तक्रारीचा गेला तर पुढचं सगळं बोलणं त्याच सुरात होतं.

शिस्त: नियम कमी, नजर जास्त

वर्गाचे नियम तीन किंवा चार असावेत आणि काय करायचं ते सांगणारे असावेत. ‘पळू नका’ऐवजी ‘वर्गात चालायचं’. मुलांबरोबर बसून ठरवा. ती भलतेच कडक नियम सुचवतात, तुम्हालाच ते मऊ करावे लागतात.

कोणी नियम मोडला तर सगळ्यात लहान उपायापासून सुरुवात करा. आधी नुसती नजर. मग शिकवत शिकवत त्याच्या बाकाशी जाऊन उभं राहणं. मग कानाशी हळू आवाजात नाव आणि काय करायचं ते. मग दोन पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे: ‘इथे बसून करतोस की माझ्या टेबलापाशी?’ त्यानंतर शांत कोपरा, जिथून तो वर्गाला आणि वर्ग त्याला दिसतो. तिथून परत यायचं ते त्याचं डोकं शांत झाल्यावर. बहुतेक प्रसंग पहिल्या तीन पायऱ्यांत संपतात, अट इतकीच की तुम्ही त्या गाळून थेट ओरडण्यावर उडी मारू नये.

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत. हात उगारायचा नाही. वर्गाबाहेर उभं करायचं नाही, कारण तिथे त्याच्यावर कोणाचीच नजर नसते. पाणी, डबा, शौचालय आणि खेळाची सुट्टी शिक्षा म्हणून तोडायची नाही. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला बसवायचं नाही. शंभर वेळा लिहायला लावायचं नाही, ज्या लेखनाची गोडी लावायची त्याचीच शिक्षा कशी करणार? आणि ‘खोटारडा’, ‘आळशी’ असली नावं द्यायची नाहीत, ती मुलाला चिकटून बसतात.

मारण्याबद्दल अजूनही कोणीतरी म्हणतंच, ‘आम्ही मार खाऊनच शिकलो.’ पोलंडनं शाळेतला मार 1783 मध्येच बंद केला होता. स्वीडननं 1979 मध्ये घरातल्या मारालाही बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारातलं 28 वं कलम सांगतं की शाळेची शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून हवी. आपल्याकडचा कायदा आणि शाळेचं धोरण पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जो हात सकाळी दारात स्वागत करतो तोच दुपारी उगारला गेला तर मुलानं कुठल्या हातावर विश्वास ठेवायचा?

भांडण झालं की लगेच न्यायनिवाडा करू नका. आधी दोघांना वेगळं करा, लागलंय का बघा, श्वास शांत होऊ द्या. मग एकेकाला विचारा: काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय आलं? याचा त्रास कोणाला झाला? आता ते नीट कसं करायचं? ‘का केलंस?’ विचारू नका. सात वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर खरंच माहीत नसतं, मग ते काहीतरी रचतं आणि आपण त्याला खोटारडं म्हणतो. एकदा एका मुलानं दुसऱ्याचं चित्र फाडलं. चौथ्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘मी चिकटवून देतो.’ दोघं एकाच बाकावर बसून चिकटपट्टी लावत होते आणि ज्याचं चित्र फाटलं होतं तो ‘इथे नाही, इथे’ म्हणून दाखवत होता. जबरदस्तीनं म्हणवून घेतलेल्या ‘चुकलो’नं हे झालं नसतं.

मात्र एकच मूल दुसऱ्या दुबळ्या मुलाला पुन्हा पुन्हा छळत असेल तर ते भांडण नव्हे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू नका, छळलेल्या मुलाची भीती आणखी वाढते. वेगवेगळं बोला, लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा.

बक्षिसांबद्दलही सावध राहा. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी लहान मुलं निवडली. ज्यांना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं, त्यांनी नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. म्हणून मुलं आनंदानं करतात त्या कामाला चांदण्या चिकटवू नका. त्यापेक्षा पाहिलेलं सांगा: ‘तू खुर्ची आत सरकवलीस, त्यामुळे तिला चाक असलेली खुर्ची घेऊन जाता आलं.’

एखादं मूल वारंवार बिघडत असेल तर दोन आठवडे वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. शेरे लिहू नका, दिसलं तेच लिहा. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज गोंधळ घालायचा. वही चाळल्यावर दिसलं की गोंधळ नेहमी मोठ्यानं वाचायची पाळी त्याच्यापाशी येण्याच्या दोन-तीन मुलं आधी सुरू होतो. त्याला वाचता येत नव्हतं. कोपऱ्यात बसायला लागणं त्याला वाचण्यापेक्षा सोपं होतं. त्याची पाळी बंद केली, रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसले आणि गोंधळ महिन्याभरात ओसरला.

कधी एखादं मूल हळूच असं काही सांगतं की पायाखालची जमीन सरकते. कोणी मारतं, कोणी नको तिथे हात लावतं. तेव्हा चेहरा शांत ठेवून ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. उलटतपासणी नको. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. मग त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. उद्यावर टाकू नका.

सुटताना

सकाळी दारात होतात तसेच सुटतानाही दारात राहा. प्रत्येक मूल यादीतल्या माणसाच्या हातात गेलेलं डोळ्यांनी बघा आणि जाताना नावानं हाक मारा. ज्याच्याशी दिवसभर खटके उडाले त्याला तर नक्कीच, ‘उद्या ये, वाट बघते’ असं मनापासून सांगा. कोणाला न्यायला उशीर झाला तर त्याला एकटं बसवू नका. कार्यालयातून फोन लावा आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा, हवं तर त्याच्याकडून खडू, पेन्सिली लावून घ्या. शेवटचं मूल गेलं की फळा पुसा, उद्याची तारीख लिहा आणि पहिलं काम बाकांवर ठेवूनच निघा.